विषाणू, क्षयरोग आणि वेळेवर घेतलेली गोळी
पुण्यातील एच.आय.व्ही. संशोधन आणि आपल्या जिल्ह्यासाठी त्याचा अर्थ

रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांबरोबरच एखाद्या आजाराविषयी सविस्तर माहिती वार्षिक अहवालातून द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा आम्ही एच.आय.व्ही. आणि त्याच्या जोडीने येणारे संसर्ग हा विषय निवडला आहे. त्यास दोन प्रश्न कारणीभूत झाले. पहिला प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत आला : "या आजाराची औषधे शासन विनामूल्य देते, मग आपल्या न्यासाने या कामावर खर्च का करावा?" दुसरा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात : "आम्ही टी.बी.साठी आलो होतो, एच.आय.व्ही.ची तपासणी कशाला?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झालेल्या संशोधनात आहेत आणि त्यातील महत्त्वाचा भाग आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात झालेला आहे.

पुण्यातील एक अभ्यास

भारतात एच.आय.व्ही.चा पहिला संसर्ग १९८६ साली चेन्नई येथे उघडकीस आला. हे काम डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी केले. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यानंतर १९९२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. 'नारी' या लघुनामाने ती सर्वपरिचित झाली.

या संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या व ३९१ नव्हत्या. पहिल्या गटात जवळजवळ निम्म्या स्त्रियांना, म्हणजे ४९.९ टक्के स्त्रियांना संसर्ग आढळला. दुसऱ्या गटात तो १३.६ टक्के होता. या दुसऱ्या गटातील बहुसंख्य स्त्रिया विवाहित होत्या आणि पतीखेरीज अन्य कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. त्यांच्या बाबतीत धोक्याचे कारण एकच होते, ते म्हणजे पतीचा संसर्ग. १९९७ साली हा निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. हे प्रमाण चिकित्सालयात तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांमधील आहे, सर्व समाजातील नव्हे. तरीही त्या काळी या निष्कर्षाने मोठा धक्का बसला. 'हा आजार वाईट वर्तनाचा आहे' या समजुतीवर सारा समाज निर्धास्त बसला होता. ती समजूत या अभ्यासाने खोटी ठरविली. ज्या स्त्रीस आपणांस काही धोका आहे याची कल्पनाच नाही, ती तपासणीस येत नाही. आणि तपासणीस येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

डॉ. गंगाखेडकर पुढे 'नारी'चे संचालक झाले. २०२० साली कोविडच्या साथीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने दररोज माहिती देताना त्यांना साऱ्या देशाने पाहिले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या दृष्टीने त्यांचे मोल अधिक आहे ते १९९७ च्या त्या अभ्यासासाठी. कारण 'रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचीही तपासणी व्हावयास हवी' ही शिकवण आम्हांस तेथूनच मिळाली.

विषाणू दार उघडतो, आत दुसराच शिरतो

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील सी.डी.४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी शरीराच्या संरक्षण व्यवस्थेतील मुकादम होत. कोणत्या जंतूवर कोणी चालून जावयाचे, हे त्या ठरवितात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारणतः पाचशेहून अधिक असतात. उपचार न घेतल्यास त्या वर्षानुवर्षे हळूहळू घटत जातात. या काळात माणूस हिंडतो, फिरतो, शेतात राबतो. बाहेरून काहीच दिसत नाही. संख्या दोनशेच्या खाली गेली की जे जंतू एरवी निरुपद्रवी असतात किंवा शरीरात निद्रिस्त पडून असतात, ते डोके वर काढतात. त्यांना वैद्यकात 'संधिसाधू संसर्ग' म्हणतात. रुग्ण दगावतो तो बहुधा अशा संसर्गाने.

कोणते संसर्ग? याचे उत्तर डॉ. सॉलोमन यांनी चेन्नईत स्थापन केलेल्या वाय.आर.जी. केअर या केंद्राने २००३ साली दिले. डॉ. एन. कुमारस्वामी आणि डॉ. सॉलोमन यांनी ५९४ रुग्णांचा पाठपुरावा करून आजारांची नोंद ठेवली. एड्सची अवस्था दर्शविणाऱ्या आजारांत फुप्फुसाचा क्षयरोग ४९ टक्के आढळला. त्याखालोखाल न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया ६ टक्के, क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर ५ टक्के आणि मेंदूतील टॉक्सोप्लाझ्मा ३ टक्के, असा क्रम होता. पुण्यातील 'नारी'च्या चिकित्सालयांतील नोंदींतही क्षयरोगाचाच क्रमांक पहिला लागला.

क्षयरोगच पहिला का?

आपल्याकडे असंख्य माणसांच्या शरीरात क्षयाचे जंतू लहानपणापासून निपचित पडून असतात. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच उभ्या आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. एच.आय.व्ही.चा उपचार न घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ तेवढाच धोका दर वर्षी असतो. म्हणूनच क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णास एच.आय.व्ही.ची तपासणी सुचविली जाते, आणि एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या प्रत्येकास दर भेटीत चार प्रश्न विचारले जातात : खोकला आहे काय? ताप येतो काय? वजन घटले काय? रात्री घाम येतो काय?

नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. ही तपासणी संशयापोटी केली जात नाही. ती रुग्णाच्या संमतीने होते, आणि क्षयरोगामागे दुसरे काही दडले असल्यास ते वेळीच कळावे, एवढाच तिचा हेतू असतो.

येथे एका भगिनीची हकीकत सांगणे आवश्यक वाटते. ओळख पटेल असा कोणताही तपशील आम्ही देणार नाही. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने रुग्णाची गोपनीयता राखणे बंधनकारक केले आहे आणि तो कायदा नसता तरी आम्ही तेच केले असते. मानेवर गाठी आल्या म्हणून सासूबाई तिला घेऊन आल्या. गाठी क्षयाच्या निघाल्या. पती दोन वर्षांपूर्वी वारला होता. सासूबाई म्हणाल्या, "त्याला दवाखान्यात नेलं तवा टी.बी. हाय म्हनले. दुसरं काय बी कुनी बोललं न्हाई." पतीची एच.आय.व्ही. तपासणी झालीच नव्हती. सुनेची केली तेव्हा संसर्ग आढळला. दोन वर्षांपूर्वी एक साधी चाचणी झाली असती, तर मुलगा कदाचित वाचला असता आणि सून गाठी येण्याआधीच उपचाराखाली आली असती. सासूबाईंना हे उमगण्यास वेळ लागला नाही. त्यानंतर सुनेची गोळ्यांची वेळ त्यांनीच सांभाळली.

औषध केव्हा सुरू करावे?

भारत शासनाने १ एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही.विरोधी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. मुंबईचे जे.जे. रुग्णालय हे अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. त्या काळी सी.डी.४ पेशी बऱ्याच खाली गेल्याखेरीज उपचार सुरू होत नसे. औषधे महाग होती, त्यांचे दुष्परिणाम होते आणि लवकर सुरू केल्याने कितपत लाभ होतो याचा भक्कम पुरावा नव्हता.

तो पुरावा मिळविणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुणे आणि चेन्नई ही दोन्ही शहरे होती. पुण्याच्या बाजूने 'नारी'च्या डॉ. शीला गोडबोले आणि डॉ. संजय मेहेंदळे यांचा त्यात सहभाग होता. अमेरिकेतील डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांची निवड करण्यात आली. प्रत्येक जोडप्यातील एकास संसर्ग होता व दुसऱ्यास नव्हता. निम्म्या जोडप्यांत संसर्गितास औषध लगेच सुरू झाले. उरलेल्यांत त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे प्रतिकारशक्ती घटेपर्यंत थांबण्यात आले. २०११ साली निष्कर्ष हाती आले. एका जोडीदाराकडून दुसऱ्यास संसर्ग झाल्याची निश्चिती २८ प्रसंगी झाली. त्यांपैकी २७ उशिरा औषध घेणाऱ्या गटात आणि अवघा एक लगेच औषध घेणाऱ्या गटात होता. संसर्गाचा धोका ९६ टक्क्यांनी घटला होता.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. फुप्फुसाबाहेरील क्षयरोग, म्हणजे गाठींचा, मणक्याचा, पोटाचा क्षय, उशिरा औषध घेणाऱ्या गटात १७ जणांना झाला, तर लगेच घेणाऱ्या गटात तिघांना. एकच गोळी पत्नीचे वा पतीचे रक्षण करते आणि घेणाऱ्याचेही. २०१५ साली इतर दोन मोठ्या अभ्यासांनीही लवकर उपचाराचा लाभ सिद्ध केला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने संसर्ग आढळताच उपचार सुरू करण्याची शिफारस केली आणि २०१७ साली भारताने ती स्वीकारली. आज सी.डी.४ कितीही असले तरी औषध नाकारले जात नाही. नियमित औषधाने रक्तातील विषाणू मोजण्याच्या पलीकडे दबला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदारास होत नाही, हेही आता निर्विवाद ठरले आहे.

दोन आजार, एक रुग्ण

क्षयरोग आणि एच.आय.व्ही. एकाच वेळी आढळले, तर आधी कोणता उपचार? येथे क्रमास आणि काळास फार महत्त्व आहे. क्षयरोगाची औषधे प्रथम सुरू होतात. त्यानंतर एच.आय.व्ही.च्या औषधांसाठी किती थांबावे, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. कंबोडियात ६६१ अत्यंत क्षीण रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन आठवड्यांनी औषध सुरू केलेल्या गटातील मृत्यू, आठ आठवडे थांबलेल्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी आढळले. त्यामुळे आता बहुतेक रुग्णांस दोन आठवड्यांच्या आत दुसरे औषध सुरू करतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर हे अपवाद होत. तेथे घाई केल्यास अपाय होतो, म्हणून डॉक्टर काही आठवडे मुद्दाम थांबतात.

दुसरे औषध सुरू झाल्यावर काही रुग्णांचा ताप वाढतो, गाठी मोठ्या होतात. घरची माणसे घाबरतात आणि औषध बंद करतात. वस्तुतः परत येणारी प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडल्याने हा दाह होतो. अशा वेळी गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. रुग्णास त्वरित डॉक्टरांकडे आणावे.

औषधांची एकमेकांशी गाठ पडते, तेव्हाही विचार करावा लागतो. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतास अधिक वेगाने काम करावयास लावते, त्यामुळे एच.आय.व्ही.वरील डोल्युटेग्राविर रक्तातून लवकर नाहीसे होते. यावर उपाय म्हणून क्षयाचे उपचार चालू असेतो डोल्युटेग्राविरची जास्तीची एक गोळी बारा तासांच्या अंतराने दिली जाते. 'एकच गोळी दोनदा का?' असे विचारून ती टाळणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांना कारण सांगितले, की ते ती घेतात.

क्षयाची औषधे आठवड्यातून तीनदा घ्यावीत की रोज, याचाही निवाडा भारतातच झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने एच.आय.व्ही.सह क्षय असलेल्या ३३१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. डॉ. सौम्या स्वामिनाथन या त्यातील एक संशोधक होत्या. रोज औषध घेणाऱ्यांत ९१ टक्के रुग्णांस गुण आला, तर आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांत ७७ टक्के. रोजच्या गटात रिफाम्पिसिनला दाद न देणारे जंतू निर्माण झाले नाहीत. तीनदाच्या गटात काही रुग्णांत झाले. आज सर्व क्षयरुग्णांस दररोजचीच औषधे दिली जातात.

ज्यांना क्षय झालेला नाही, त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषधांचा ठरावीक मुदतीचा क्रम देता येतो. प्रतिकारशक्ती फार घटली असल्यास कोट्रायमोक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी न्यूमोनिया व टॉक्सोप्लाझ्मापासून बचाव करते. गर्भवती मातेने वेळेवर औषध घेतल्यास बाळास संसर्ग होण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. उपचाराविना ते १५ ते ४५ टक्के असते.

आपल्या जिल्ह्यात या ज्ञानाची वाट

संशोधनाने काय करावे हे सांगितले. ते परांड्याच्या वस्तीवर वा उमरग्याच्या तांड्यावर कसे पोहोचावे, हे आपणांसच ठरवावयाचे आहे. आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे. भूम, वाशी, कळंब, परांडा भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कितीतरी तरुण पुण्या-मुंबईस कामास जातात. जो माणूस सहा महिने फडावर असतो, त्याच्या गोळ्यांत खंड पडणे अगदी सोपे आहे. आणि खंड पडला, की विषाणू औषधास दाद देईनासा होण्याची भीती असते.

यावर तोडगा आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास एका वेळी अधिक महिन्यांची औषधे देता येतात. बाहेरगावी जाण्यापूर्वी केंद्रास कळविल्यास तिकडील केंद्रातून औषधे मिळण्याची व्यवस्था होऊ शकते. परंतु हे रुग्णास कोणीतरी आधी सांगावे लागते आणि गाड्या निघण्यापूर्वी सांगावे लागते.

येथे विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर येते. गोळी विनामूल्य आहे. गोळीपर्यंतची वाट विनामूल्य नाही. त्या वाटेवर एस.टी.चे भाडे आहे, बुडालेला रोज आहे, घरी मागे ठेवलेली लेकरे आहेत आणि रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही धास्ती आहे. क्षयाच्या उपचाराबरोबर पुरेसा आहारही लागतो; म्हणजे दोन वेळच्या जेवणाचाही प्रश्न आहे. न्यासाचा निधी आम्ही औषधांवर खर्च करीत नाही. तो प्रवासभाडे, पोषक आहार, समुपदेशक आणि घरी जाऊन चौकशी करणाऱ्या आरोग्यसेविका यांवर खर्च होतो. एच.आय.व्ही.चे निदान व औषधे शासकीय केंद्रांतूनच मिळतात. रुग्णास तेथवर पोहोचविणे आणि त्याने अर्ध्यात सोडू नये हे पाहणे, एवढे काम आम्ही आपले मानले आहे.

हे काम छायाचित्रात दिसत नाही. नवीन यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते; वेळेवर घेतलेल्या गोळीवर ती लावता येत नाही. तरीही वर उल्लेखिलेल्या प्रत्येक अभ्यासाचे सार एवढेच आहे, की लवकर तपासणी, योग्य क्रम आणि एकही दिवस न चुकविता घेतलेले औषध यांनी माणूस वाचतो.

कुटुंबीयांस विनंती

क्षयरोगाचे निदान झाल्यास एच.आय.व्ही. तपासणीस नकार देऊ नये. संसर्ग आढळल्यास पती, पत्नी व मुले यांचीही तपासणी करून घ्यावी. निष्कर्ष त्या त्या व्यक्तीसच सांगितला जातो. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने, बाळास उचलून घेतल्याने एच.आय.व्ही. होत नाही. घरातील सुनेस वा विधवेस दोष देऊ नये. पुण्याच्या त्या अभ्यासाने तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे, की तिच्याकडे संसर्ग बहुधा तिच्या संसारातूनच आलेला असतो.

एच.आय.व्ही. समूळ नष्ट करणारे औषध अद्याप आपल्या हाती नाही. परंतु आज औषध सुरू करणारा रुग्ण पूर्ण आयुष्याची आशा बाळगू शकतो. वर सांगितलेल्या भगिनीच्या मानेवरील गाठी काही महिन्यांत विरल्या. तिच्या मुलास संसर्ग नाही. सुगीच्या दिवसांत ती तपासणीस येत नाही, म्हणून आमच्या सेविकेने घरी जाऊन चौकशी केली. ती शेतात गेली होती. गोळ्यांची डबी सासूबाईंनी आतून आणून दाखविली; त्या दिवसाची गोळी घेतलेली होती.